न फुटणारा तोफगोळा

मित्रांनो, मी तोफगोळा आहे. घाबरू नका, मी लाकडाचा आहे. माझ्या पोटात दारू नाही, बाभळीचा गाभा आहे. वय तसे फार नाही, पण मला लवकर म्हातारपण आले आहे. अंगावर चिरा आहेत, शेपटीचे एक पाते तुटलेले आहे. आजवर मी एकदाही फुटलो नाही. माझ्यामुळे कुणाला साधे खरचटलेसुद्धा नाही. तरीही मुलांनी माझ्यापासून लांबच उभे राहावे, असे मला वाटते. ते का, हे सांगायचे तर भाग्यश्रीबाईंपासून सुरुवात करावी लागेल.

भाग्यश्री गायकवाड या महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. राहायला धायरीला. नुसते घरी बसणे त्यांना जमत नव्हते, म्हणून दर रविवारी कोंढव्यातल्या एका शाळेच्या खोलीत त्या सुदानहून आलेल्या मुलांना शिकवत. सुदान हा आफ्रिकेतला देश. तिथली बरीच तरुण मंडळी शिकायला पुण्यात येतात. तिकडे लढाई पेटली तेव्हा त्यांतल्या काहींनी आपली बायकामुले मोठ्या कष्टाने इथे आणली. लढाईशी ज्यांचे काही देणेघेणे नव्हते अशा माणसांची घरे गेली, मुलांच्या शाळा गेल्या. पुण्यात ही मुले हिंदी-मराठी बोलायला शिकली, वडापाव मागायला लागली, आणि मग एक दिवस बातमी आली की त्यांच्या शहरातली लढाई थांबली आहे. लोक घरी परतू लागले आहेत.

घरी परतणे ही आनंदाचीच गोष्ट. पण लढाईत टाकलेल्या गोळ्यांपैकी काही गोळे फुटतच नाहीत. ते गवतात, विटांच्या ढिगात, शाळेच्या भिंतीशी तसेच पडून राहतात. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी न फुटलेला सुतळी बॉम्ब उचलायला धावणारी मुले तुम्ही पाहिली असतील. हे तसेच आहे, फक्त इथे बोटे भाजण्यावर भागत नाही. असे गोळे शोधून निकामी करणारी पथके असतात. पण शहर मोठे आणि पथके थोडी. म्हणून परतणाऱ्या कुटुंबांना मदत करणाऱ्या एका संस्थेने ठरवले की निघण्याआधी मुलांना याची ओळख करून द्यायची. संस्थेत काम करणारी शर्मिला गोळ्यांची चित्रे घेऊन बाईंकडे आली.

बाईंनी चित्रे पाहिली आणि बाजूला ठेवली.

"चित्रं बघून मुलांना काय कळणार? वस्तू हातात द्यावी लागते," त्या म्हणाल्या.

हा त्यांचा नोकरीभराचा नेम होता. हृदय शिकवताना त्यांनी मातीचे हृदय वर्गभर फिरवले होते. बी कसे रुजते ते सांगताना भिजवलेला वाल प्रत्येकाच्या तळहातावर ठेवला होता. त्यांची मुले कधी विसरत नसत. शर्मिलाने चित्रेच बरी म्हणून जरा आढेवेढे घेतले, पण बाईंपुढे तिचे काही चालले नाही.

नाना पेठेत उत्तरेश्वर नावाचे कातारी आहेत. लाटणी, भोवरे, पाळण्यावर टांगायच्या चिमण्या हे त्यांचे काम. बाईंनी चित्र पुढे केले. उत्तरेश्वरांनी चष्मा वर करून ते बराच वेळ न्याहाळले.

"बाई, सोसायटीत भांडण झालंय का?"

"लाकडाचा करायचाय. मुलांना शिकवायला."

"मग ठीक आहे," म्हणून त्यांनी बाभळीचा ओंडका यंत्रावर चढवला. पटाशी टेकली की माझ्या अंगावरून लांबलचक सालपे निघत. मधे गुबगुबीत पोट, पुढे निमुळते नाक, मागे शेपटी आणि तिला चार पाती. ओंडका फिरत असतानाच त्यांनी हिरव्या लाखेची कांडी टेकवली आणि केवड्याच्या पानाने मला असे घासले की माझ्यात त्यांच्या दुकानाचे दार दिसू लागले. कातारी माणूस एवढ्या वर्षांत फक्त मुलांना आवडेल असेच करत आलेला. मलाही त्यांनी तसेच केले.

धायरीच्या बसमध्ये शेजारच्या बाईंना पिशवीतून डोकावणारी माझी शेपटी दिसली. हे काय, असे त्यांनी विचारले. भाग्यश्रीबाई म्हणाल्या, लाटणे. एवढे जाड? "घरात माणसं जास्त आहेत," बाईंनी सांगितले आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

पहिल्या रविवारी माझे जे कौतुक झाले ते मी विसरणार नाही. बाईंनी मला वर्गात फिरवले. हातात घ्या, नीट बघा, नाक कुठे, शेपटी कुठे, ओळखायला शिका. मी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जात होतो. लहान हात फार उबदार असतात, मित्रांनो. त्या वर्गात इसरा नावाची चौथीतली एक मुलगी होती, सगळ्यांत हुशार आणि हाताची सगळ्यांत चपळ. पुढच्या दोन महिन्यांत तिच्या घरची मंडळी ओमदुरमान या त्यांच्या शहरी परतणार होती. तिने माझे नावच ठेवले, बतीख. त्यांच्या भाषेत बतीख म्हणजे कलिंगड. वर्ग सुटला की ती मला उचलून बाईंच्या पिशवीत ठेवी, तेवढा मान तिचा. मला वाटे, तोफगोळा असूनही आपल्यासारखा भाग्यवान कुणी नसेल.

गोळा दिसला तर काय करायचे याचे नियम तिला तोंडपाठ होते. सगळ्यांनाच होते. मग बाईंनी परीक्षा घ्यायची ठरवली. वर्ग सुरू होण्याआधी त्यांनी मला शाळेमागच्या मैदानात, भिंतीलगतच्या गवतात ठेवले. आज मैदानात काहीतरी आहे, बघू या कुणाला दिसते, एवढेच मुलांना सांगितले.

मी इसरालाच आधी दिसलो. ती धावत आली, तिने मला दोन्ही हातांनी उचलले, छातीशी धरले आणि तशीच धावत बाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"टीचर, मला सापडला. मी पहिली."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचे हात टाळीसाठी वर आले होते, ते तसेच राहिले.

"इसरा, नियम काय आहे?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

"बघायचं. थांबायचं. हात लावायचा नाही. आल्या पावली मागे जायचं. मोठ्या माणसाला सांगायचं."

एकही शब्द चुकला नाही. आणि ती हे सगळे म्हणत असताना मी तिच्या छातीशीच होतो.

बाई पायरीवर बसल्या. मुलांना वाटले, टीचरना ऊन लागले. कुणी पाण्याची बाटली आणली. बाई पाणी प्यायल्या नाहीत. त्या इसराच्या हातांकडे बघत होत्या. तोंडाने एक धडा शिकला होता आणि हातांनी दुसराच. आणि हातांचा धडा कुणी शिकवला होता, हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा नाना पेठेत गेलो.

"याला खराब करा," बाई म्हणाल्या.

"लोक माझ्याकडे मोडलेलं नीट करायला येतात, बाई."

"उचलावासा वाटता कामा नये."

उत्तरेश्वरांनी कारण विचारले. बाईंनी सांगितले. ते लगेच पटाशी घेऊन बसले. त्यांनी माझी लाख खरवडून काढली, नाक ठोकून चेपले, शेपटीचे एक पाते हाताने मोडले आणि गंजाचा चुरा मातीत कालवून माझ्या अंगाला फासला. काम झाल्यावर मला त्यांनी पुन्हा हातात घेतले नाही, फडक्यात गुंडाळून बाईंपुढे सरकवले. मी फार हिरमुसलो. तेव्हा मला काही कळत नव्हते.

त्या रविवारपासून वर्गाची रीत बदलली. मी खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर, आणि पुढे लांबवर एक दोरी बांधलेली. तिच्या अलीकडे सगळे. बाईंनी मुलांना सरळ सांगितले की आधीचा धडा चुकीचा होता, तो विसरायचा. मुलांना ते पटेना. हा तर आपला बतीख, लाकडाचाच तर आहे, असे ती म्हणत. इसरा रुसली. तिला वाटले, आपण पहिले आलो म्हणून टीचर रागावल्या. बाईंनी तिला जवळ घेतले, पण दोरी काही सोडली नाही. रविवारमागून रविवार मुले मैदानात चालत, मी कुठे ना कुठे पडलेला असे. मी दिसलो की जिथल्या तिथे थांबायचे, आपलीच पावले शोधत मागे यायचे. कधी कुणाचा चेंडू घरंगळत माझ्याजवळ येई. तो तिथेच राहायचा. हात मागे बांधायची खूणही बाईंनी शिकवली, कारण डोक्याला कळले तरी हात पुढे जातो. मला आता बाईसुद्धा मुलांसमोर हात लावत नसत. कुणाची ऊब नाही, कौतुक नाही. मी कोपऱ्यात पडून असे.

मग एका रविवारी इसराचे वडील उस्मान तिला सोडायला आले आणि बाईंशी बोलत थांबले. ते इथल्या एका कॉलेजात संशोधन करत. इसराची आजी, म्हणजे तिची हबूबा, सगळ्यांच्या आधीच ओमदुरमानला परतली होती. तिने घर झाडून ठेवले होते. फोनवर ती म्हणाली होती, अंगणात खूप लोखंड पडले आहे, मुले आली की गोळा करतील, शेजारची मुलेही करतात. बाईंनी उस्मानना तिथल्या तिथे तिला फोन लावायला सांगितले. उस्मान तिकडचे इकडे हिंदीत सांगत होते. बाईंचे सगळे ऐकून घेऊन हबूबा जे म्हणाली ते सांगताना त्यांना जरा अवघडल्यासारखे झाले.

"ती म्हणते, लढाईतले दिवस मी काढले. आता माझं अंगण कसं झाडायचं ते हिंदुस्थानातली टीचर सांगणार का?"

बाई हसल्या नाहीत. खरी अडचण त्यांना त्या क्षणी कळली. अनोळखी गोळ्यापुढे इसरा थांबेल. पण घरातले मोठे माणूस प्रेमाने म्हणेल, अगं काही होत नाही, आण उचलून, तेव्हा ती काय करेल? मोठ्यांचे ऐकावे हेही बाईंनीच शिकवले होते.

इसराचा शेवटचा रविवार आला. वर्ग मैदानातच भरला, दोरी नव्हती. मी भिंतीशी मातीत अर्धा रुतून पडलो होतो. मुले उभी होती, उस्मान फाटकाशी होते. बाईंनी इसराला आपल्या शेजारी बोलावले.

"इसरा, तो गोळा इकडे घेऊन ये."

इसरा थांबली. तिला वाटले, टीचर गंमत करताहेत. बाईंचा चेहरा गमतीचा नव्हता.

"नाही, टीचर."

"लाकडाचा आहे. तुझाच बतीख आहे. तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग मी सांगते आहे, आण. टीचरचं ऐकायचं नाही का?"

तिचे डोळे भरून आले. या वर्गात बाईंना नाही म्हणायची कुणाचीच छाती नव्हती, आणि ती तर बाईंची सर्वांत लाडकी. क्षणभर तिचा एक हात पुढे आला, तो मी पाहिला. मग तिने तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

"तुम्ही सांगितलं तरी नाही," ती म्हणाली. "हबूबाने सांगितलं तरी नाही."

एवढे बोलून तिने मागे वळून मातीत उमटलेली आपली पावले पाहिली. मग हात सोडवला, बाईंच्या साडीचा पदर मुठीत धरला आणि ओढला.

"तुम्ही पण मागे या."

बाई तिच्याबरोबर मागे आल्या. एक पाऊल, मग दुसरे, तिने दाखवले तिथेच पाय ठेवत. पार फाटकाशी येईपर्यंत तिने पदर सोडला नाही आणि बाईंनीही सोडवून घेतला नाही. फाटकाशी उस्मान डोळे पुसत होते. तिथेच त्यांनी ओमदुरमानला फोन लावला. पथक येऊन अंगण तपासून जाईपर्यंत मुले त्या घरात पाऊल टाकणार नाहीत, तोवर आपण सगळे भावाकडे राहू, आणि आई, तूही तिकडेच जा, असे त्यांनी सांगितले. पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि तेच वाक्य पुन्हा सांगितले.

निघताना इसरा सगळ्यांना भेटली. माझ्याजवळ आली नाही. लांबूनच माझ्याकडे बघून तिने मान हलवली आणि वडिलांचा हात धरून गेली. मित्रांनो, त्या दिवशी मला कळले की आजवर झालेल्या साऱ्या कौतुकापेक्षा हे मोठे आहे.

अजूनही रविवार असतात. नवी मुले येतात, कुणी सुदानची, कुणी दुसऱ्या एखाद्या देशाची, आणि शिकून आपापल्या घरी परत जातात. मी कोपऱ्यात पडून त्यांना लांब उभे राहायला शिकवतो. इतर वस्तू तुम्हाला सांगतील, आम्हाला जपा, आम्हाला हातात घ्या. माझे मागणे वेगळे आहे. रस्त्यात, शेतात, पडक्या भिंतीशी माझ्यासारखे काही दिसले, तर ते कितीही सुंदर असो, कुणीही आणायला सांगो, तुम्ही थांबा. आल्या पावली मागे फिरा आणि शेजारी कुणी असेल तर त्यालाही ओढून न्या. माझ्यावर माया असेल तर मला हात लावू नका.