राखाडी कड

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर तीन खिळे होते आणि तीन खिळ्यांना तीन हेड गॅस्केटं लटकत होती. एक तांब्याचं, एक पोलादी पत्र्यांचं आणि एक राखाडी, ग्राफाइटचं. तिन्ही एकाच इंजिनासाठी आणलेली. बसणार त्यातलं एकच, आणि कोणतं ते ज्याने ठरवायचं त्याला सगळे 'बघूया' म्हणत. हे नाव त्याने स्वतःच्या कष्टाने कमावलं होतं.

बघूया इंजिनं उत्तम बांधायचा, यात वाद नाही. गाडी फाटकातून आत येईस्तोवर तिचं दुखणं ओळखायचा. फक्त दोन गोष्टींतली एक निवडायची वेळ आली की गडी गारद. गॅरेजच्या दाराला निळा रंग द्यायचा की हिरवा, यावर त्याने इतकी वर्षं घालवली की दारच कंटाळून गंजलं आणि तपकिरी झालं. ग्राहक म्हणाले, रंग छान निवडलात.

आता हेड गॅस्केट म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये घट्ट दाबून बसवलेला पातळ पत्रा, एवढंच. आग, पाणी आणि तेल या तिघांनी एकमेकांच्या घरात घुसू नये म्हणून घातलेली भिंत. साध्या गाडीत तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण या इंजिनावर टर्बो होता, म्हणजे हवा जबरदस्तीने आत कोंबणारा पंखा, आणि ती कोंबायची होती दोन बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दुप्पट, दाबाने. तेवढ्या दाबाखाली ही भिंत उभी राहणार का, हा खरा प्रश्न होता.

सुट्या भागांचा दुकानदार म्हणाला, "तांब्याचं घे. डोळे झाकून घे." लेथवाल्याने ते ऐकून कपाळावर हात मारला. "अरे, तांब्याला ब्लॉकमध्ये खाच पाडून तारेचं कडं बसवावं लागतं, आणि एवढं करून पाणी झिरपायचं ते झिरपतंच. पोलादी घे." बघूयाने पोलादी आणलं. मग तोच लेथवाला म्हणाला, "पण त्याला दोन्ही बाजू आरशासारख्या लागतात हां. जरा खरखर राहिली की संपलं." बाजू आरशासारख्या घासून घेतल्या. तर दुकानदार विचारतो, "जाड घेतलंस का पातळ?" जाड-पातळाचा घोळ बघूयाने मुद्दाम मनाआड टाकला होता, तो आता पुढ्यात येऊन बसला. फोनवर एका जाणकाराचा व्हिडिओ पाहिला, तो म्हणाला जाड. दुसऱ्या व्हिडिओत तोच जाणकार, तोच शर्ट, म्हणाला पातळ. बघूयाच्या डोक्याचा पार भुगा झाला.

गाडी त्याच्या मेव्हणीची होती. बायकोची ही लहान बहीण, घरीदारी सगळ्यांची धाकटी. एकेका गाडीने डोंगररस्त्यावर घड्याळ लावून चढायचं, अशा शर्यतीत ती गाडी हाणायची. मोसमातली शेवटची चढाई उरली होती, आणि ती बघायला एका मोठ्या संघाचा व्यवस्थापक येणार होता. पहिला येईल त्याला संघात जागा. धाकटी तिशी ओलांडून पुढे गेलेली, यानंतर आपल्याला कोणी विचारणार नाही हे ती स्वतःच हसत सांगायची. हसायची, पण सांगताना नट-बोल्टांचा डबा उगाचच हलवत बसायची.

"पोलादी, भाऊजी," ती म्हणाली. "यात बघण्यासारखं काय आहे? दोन बार लावते आणि जाते वर."

"बघूया."

"बघूया नाही. पोलादी."

बोलता बोलता ती गाडीतून काढून ठेवलेल्या तिच्या जुन्या इंजिनाच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवत होती. हेड जिथे ब्लॉकवर बसतं त्या फटीतून तेल-पाणी पाझरतंय का, हे नखाला आधी कळतं. प्रत्येक वेळी गाडी सुरू करण्याआधी ती हे करायची. सवय तिला बघूयानेच लावली होती, आणि ती लावायला त्याला दोन मोसम बोंबलावं लागलं होतं.

घरी बायको इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी करून ठेवली, तेव्हाच त्याने ओळखलं की आता आपली खैर नाही.

"तो लाल गाडीवाला आठवतो?" तिने विचारलं. "गेल्या मोसमातला?"

आठवत होता. वळणावर त्याच्या इंजिनातला पिस्टनचा दांडा ब्लॉक फोडून बाहेर आला, तेल त्याच्याच मागच्या चाकांखाली सांडलं, आणि गाडी कठडा तोडून खाली गेली. माणूस वाचला. अजून काठी टेकत चालतो.

"तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, एवढ्या दाबाला काहीतरी जाणारच. गॅस्केट टिकलं तर त्याच्या पुढचं जातं."

"म्हणालो होतो. पण..."

"मग ते राखाडीच बसवा ना, सगळ्यात कच्चं. गॅस्केटच जाऊ द्या. वाफ निघेल, गाडी थांबेल, चिडचिड करत माझी बहीण पायी खाली येईल. मला ती चिडलेली चालेल."

"ते इतकं सरळ नसतं गं."

"मग कसं असतं?"

ते त्यालाच ठाऊक नव्हतं. लेथवाल्याला विचारलं तर तो हसत सुटला. "उडणारं गॅस्केट काय आधी कळवून उडतं? पाणी आत शिरलं तरी इंजिन फुटू शकतं." दुकानदार म्हणाला, "नाही, बाई बरोबर बोलतेय." म्हणजे सगळेच बरोबर होते, आणि तरी इंजिनात जागा एकाच गॅस्केटला होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी, धाकटी नवे टायर आणायला गेली असताना, बघूया भिंतीसमोर उभा राहिला. पोलादी काढलं. पत्र्यांच्या थरांची कड उजेडात चकाकली. ते ब्लॉकवर ठेवलं, सगळी भोकं जुळली, आणि त्याला लाल गाडीवाल्याची काठी दिसली. उचलून पुन्हा खिळ्याला लावलं. राखाडी काढलं. ते ठेवलं, तर धाकटीचा तो बोल्टांचा डबा आठवला. तेही परत खिळ्याला. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी त्याने हेड खाली उतरवलं आणि बोल्ट क्रमाने आवळायला घेतले, तेव्हा आत राखाडी होतं. हे आपण ठरवलं की बायकोने, की हात दमले तेव्हा हातात जे होतं तेच बसलं, हे त्याला शेवटचा बोल्ट आवळूनही उमगलं नाही.

धाकटी टायर घेऊन आली. "पोलादी ना?"

"हं," बघूया म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो 'बघूया' म्हणाला नाही, आणि नेमकं तेव्हाच खोटं बोलला.

डोंगराच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागली होती. पेट्रोलचा वास, गळ्यात पट्टे अडकवून धावणारी माणसं, कर्ण्यातून चिरक्या आवाजात नंबर. संघाचा व्यवस्थापक टोपी घालून कठड्याला टेकला होता. बघूयाने टायरांची हवा तिसऱ्यांदा तपासली. पोलादी बसवलं असतं तरी तपासलीच असती, अशी त्याने स्वतःची समजूत काढली.

धाकटीचा नंबर जवळ आला. तिने बॉनेट उचललं आणि नख सांध्यावर टेकवलं.

तेव्हा बघूयाला आठवलं. गॅस्केटची कड बाहेरून दिसते. केसभरच, पण दिसते. पोलादी असेल तर चकाकणारे थर, नाहीतर मळकट राखाडी रेघ. नवशिक्या पोरालाही हे कळतं आणि गेले कित्येक दिवस गॅस्केटांशिवाय दुसरं काही न पाहिलेला हा शहाणा नेमकं तेच विसरला होता.

नख सांध्यावरून सरकत गेलं, मध्येच थांबलं. धाकटी वाकून बघत राहिली. मग तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात कर्ण्यातून तिचा नंबर आला.  तिने बॉनेट लावलं, शिरस्त्राण चढवलं आणि गाडीत बसली.

गाडी सुटली. पहिलं वळण, दुसरं वळण, मग झाडांमागे नुसता आवाज. बघूया डोळे मिटून ऐकत होता. आता फुस्स होईल, आता पांढरी वाफ दिसेल. वाफ दिसली नाही. पण आवाजही हवा तसा नव्हता. गाडी धावत होती, पण किंचाळत नव्हती. हे काय चाललंय, त्याला समजेना. शेवटी कर्णा खरखरला. सगळ्यांच्या चढाया संपल्यावर निकाल आला तेव्हा धाकटी तिसरी होती. पहिल्या गाडीत आणि तिच्यात डोळ्याच्या एका उघडझापेचं अंतर होतं. टोपीवाला पहिल्याच्या खांद्यावर हात टाकून निघून गेला.

गाडी खाली आली तेव्हा बघूया आधी धावला तो तिच्या दारापाशी. ती धडधाकट होती, शिरस्त्राण काढून केस झटकत होती. त्याच्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्याची नजर दाब दाखवणाऱ्या घड्याळावर गेली. त्या घड्याळात दोन काटे होते. काळा खाली येतो, लाल मात्र सगळ्यात वर जिथे पोचला असेल तिथेच थांबून राहतो. लाल काटा सव्वा बारवर होता. दोनच्या आसपासही नाही.

"तू दाब कमी केलास," तो म्हणाला.

"रांगेतच केला, आतली कळ फिरवून. राखाडीवर दोन बार लावले असते तर तिसऱ्या वळणावर वाफा सोडत उभी राहिले असते. सगळे म्हणाले असते, बघा, बघूयाचं इंजिन. उद्यापासून तुमच्या दारात कोण गाडी आणणार?"

"अगं, पण तुझी जागा..."

"गेली." तिने हातमोजे काढले.  "ताईने सांगितलं होतं ना? राखाडी बसवा म्हणून?"

बायकोचं नाव त्याच्या जिभेवर आलं होतं. सुटायला बरं होतं. पण त्याला कागदासारखा पांढरा पडलेला स्वतःचाच चेहरा गाडीच्या आरशात दिसला आणि तो म्हणाला, "नाही. मी बसवलं." ते खरं की खोटं, कोण जाणे. बोलल्यावर मात्र ते खरं वाटायला लागलं.

"का?"

"भीती वाटत होती मला. तुला काही झालं असतं तर मी... मला नाही सोसलं असतं, धाकटे."

 इतक्या दिवसांत तांबं, पोलाद, ग्राफाइट, जाड, पातळ, सगळं बोलून झालं होतं. एवढं एक सोडून.

"हे आधी बोलला असतात तर," ती हळूच म्हणाली, "आपण पोलादी बसवलं असतं आणि दोनऐवजी दीड ठेवला असता. तुम्हाला भीती आहे म्हटल्यावर मी ऐकलं नसतं का? इतकी वाईट आहे का मी?"

बघूयाने मनातल्या मनात हिशेब मांडला. पोलादी, दीड बार. दांडा फुटायचं कारण नाही, आणि सव्वाच्या वर पाव बार म्हणजे त्या डोळ्याच्या उघडझापेपेक्षा बराच जास्त वेळ. त्याने पुन्हा मांडला. पुन्हा तेच आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एका प्रश्नाला एकच उत्तर मिळत होतं.

"पहिली आली असतीस," तो म्हणाला.

"हो," धाकटी म्हणाली. तिने बॉनेट उचललं आणि राखाडी कडेवरून एकदा नख फिरवलं. सांधा कोरडा होता. मग तिने गाडीतला पाना त्याच्या हातात दिला आणि ती दोघं गाडी ट्रेलरवर चढवायला लागली.