आत्याच्या खिडकीतले हिरवे दिवे

आमच्या घरचं नेट बंद पडायला लागलं ते आत्याच्या घरी नेट सुरू झाल्यापासून. आणि आत्याकडं नेट न्यायचं डोकं माझं, त्यामुळं घरात सगळे माझ्याकडंच बघत होते.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण, पारूबाई. कंधारला आमचं घर रस्त्याच्या वरच्या अंगाला आणि तिचं खालच्या अंगाला, उतारावर. मोरीत पाय घसरून तिचा घोटा मोडला आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं. नेमकी तेव्हाच तिकडं लातूरला संघपालदादाला मुलगी झाली. संघपालदादा आत्याचा एकुलता एक, तिथं दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. रविवारी बाळाचं नामकरण ठरलं. पहिली नात, आणि आजीला खाटेवरून उठायची बंदी.

आता दादाला सख्खी बहीण नाही. मी मामेबहीण, म्हणजे बाळाची आत्या मीच. आमच्याकडं बाळाच्या कानात नाव आत्या सांगते आणि ती सांगत असताना बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. ते धपाटे खायची माझी किती इच्छा होती काय सांगू. पण आत्याला एकटं सोडून मी लातूरला जाऊ कशी? मग मीच म्हणाले, आपण व्हिडिओ कॉल करू. मी इथून नाव सांगते, आत्या इथून नात बघते.

"नाव काय फोनवरून ठेवतात का?" मम्मी म्हणाली.

"शाळा फोनवर झाली की गं दोन वर्षं. नावाला काय होतंय?"

अडचण एवढीच होती की आत्याच्या घरात मोबाईलला रेंज नाही. गच्चीवर गेलं की येते, पण प्लास्टर घेऊन गच्चीवर कोण चढणार. पप्पा म्हणाले, आक्काला खाटेसकट उचलून आपल्या घरी आणू. त्यावर आत्या म्हणाली, "चार जणांनी मला खाटेवर घालून रस्त्यानं नेलं तर गाव गोळा होईल. लोकं म्हणतील पारूबाई गेली."

रस्त्यावरून वायर टाकायची सोय नव्हती. मागं टाकली होती ती उसाच्या ट्रॉलीनं तोडली, परत टाकली, परत तोडली. म्हणून मी ब्रिज शोधून काढला. टिफिनएवढे दोन पांढरे डबे. एक आमच्या गच्चीवर, एक आत्याच्या, समोरासमोर तोंड करून. मधे वायर नाही, आमचं नेट हवेतून तिकडं. लोहा गावच्या नेटवाल्या वीरेशदादानं ते बसवून दिले, आत्याच्या घरात वायफायचं एक छोटं नवं डबडं लावून दिलं आणि गाडीला किक मारून गेला. आत्याच्या फोनवर नातीचा पहिला कॉल लागला. बाळानं जांभई दिली, आत्या रडली, मी हवेत.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरचं नेट मेलं.

मेलं म्हणजे पुरतं मेलं असतं तर बरं. एका फोनवर चालायचं, दुसऱ्यावर नाही. वायफायच्या दांड्या फुल, पण पान उघडायचं नाही. आमच्या घराखाली पप्पांचं ऑनलाईन सेंटर आहे, आणि कॉलेजच्या ॲडमिशनचे दिवस. पोरं कागद घेऊन ओट्यापर्यंत बसलेली, आणि कॉम्प्युटरवर ते गोल गोल फिरतंय.

"प्रेमराव," नातवाला घेऊन आलेले हणमंतराव पप्पांना म्हणाले, "मी घरी जाऊन जेवून येतो. तुमचं गोल फिरणं चालू द्या."

ब्रिजची पिन काढली की सगळं ठीक. लावली की परत तेच. म्हणजे चोर ब्रिजच. मी वीरेशदादाला फोन लावला.

"दुसऱ्या कुणाच्या वायफायशी चॅनल भिडत आसंल गं. बदलून बघ. मी उदगीरकडं हाय, सोमवारी येतो."

"सोमवारी काय बारसं शिळं करून खाऊ? नामकरण रविवारी आहे."

"मग चॅनल बदलून बघ," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

चॅनल बदलला. काही नाही. गच्चीवर जाऊन डब्याचं तोंड जरा वाकडं केलं, मधली लिंबाची फांदी बांधून मागं ओढली. काही नाही. शुक्रवारी आत्याकडून दादाला कॉल लावायला गेले तर तिकडंही तेच, लागला तर लागला, न्हाई तर न्हाई. चौथ्यांदा लागला तेव्हा बाळ झोपून गेलं होतं.

संध्याकाळी पप्पांनी मला खाली बोलावलं. ते चिडले की आवाज बारीक करतात. "लुंबिनी, उद्या दुपारपर्यंत बघ. जमलं तर ठीक, न्हाई तर तो पूल मी उतरवतो. ही पोरं वर्ष वाया जाईल म्हणून माझ्या दारात बसून राहिली बेटा. आक्काला नंतर फोटो दाखवू."

फोटो. आत्याला फोटो दाखवायचे. मी वर गेले आणि जेवले नाही.

शनिवारी सकाळी मी मम्मीचा फोन आणि माझा फोन ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही आमच्याच वायफायवर. मम्मीचा चालत होता, माझा नव्हता. दोन्हीत सेटिंगमध्ये जाऊन जे जे दिसतं ते ते वाचत गेले. वायफायवर आलेल्या प्रत्येक फोनला राऊटर एक नंबर देतो, तो पत्ता. दोघींचे पत्ते जवळपास सारखे होते. पण मधल्या एका जागी मम्मीच्या पत्त्यात एक होता आणि माझ्या पत्त्यात शून्य.

आमचा राऊटर एकवालेच पत्ते देतो. मग हा शून्यवाला कुणी दिला?

मम्मीला मी ते असं सांगितलं. लग्नात दाराशी एक माणूस उभा असतो बघ, पाव्हणा आला की त्याला पंगतीत जागा दाखवतो आणि वाढपी कुठून येणार ते सांगतो. आपला राऊटर तो माणूस. आता त्याच्याशेजारी दुसराच कुणीतरी येऊन उभा राहिलाय, आणि निम्म्या पाव्हण्यांना अशा मंडपात पाठवतोय जिथं चूलच पेटलेली नाही. ते बिचारे पान मांडून बसून राहिलेत.

"आणि हा दुसरा कुणाकडचा?" मम्मीनं विचारलं.

तेवढं विचारलं तिनं आणि मी चप्पल न घालताच रस्ता ओलांडला.

आत्या खाटेवर बसून शेंगा फोडत होती. तिच्या उशाला खिडकी, आणि खिडकीत विणलेला रुमाल टाकून काहीतरी झाकलेलं. मी रोज बघत होते ते. मला वाटायचं औषधाचा डबा असेल. आज रुमालाच्या जाळीतून हिरवं काहीतरी लुकलुकताना दिसलं.

रुमाल उचलला. खाली संघपालदादाचा जुना राऊटर. दादा इथं होता तेव्हा त्यानं कनेक्शन घेतलं होतं. तो लातूरला गेला, कनेक्शन संपलं, त्याला आता दोन वर्षं होतील. पण डबा चालू होता, सगळे दिवे लागलेले. आणि वीरेशदादानं नव्या डबड्यात लावून दिलेली ब्रिजची वायर तिथून निघून ह्या डब्याच्या पिवळ्या भोकात जाऊन बसली होती. नवं डबडं खिडकीच्या कोपऱ्यात तोंड फिरवून पडलेलं.

"आत्या, ही वायर कुणी काढली?"

आत्यानं एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "म्याच. का, काय झालं?"

"अगं हाच तो. हाच आमच्या घरी चुकीचे पत्ते वाटून राहिला. तुझ्या खिडकीत बसून, ब्रिजवरून." मी पिनेला हात घातला.

"लुंबे, हात काढ."

आत्या मला कधी असं बोलत नाही. मी हात काढला.

मग तिनं आपला फोन घेतला, वायफायची यादी उघडली आणि माझ्यापुढं धरली. वरच इंग्रजी अक्षरांत एक नाव होतं. आई जेवलीस का.

"जाताना तेनं ठेवलं," आत्या म्हणाली. "म्हणाला, मी रोज विचारीन न्हाई विचारीन, तू फोन उघडला की हे दिसंल. दोन वर्षं झाली, रोज दिसतंय. पण खाली बारीक लिहून यायचं, इंटरनेट नाही म्हणून. आता तुम्ही नवं नेट आणलं तर मला वाटलं, ते तेच्या डब्यातून येऊ द्यावं. भोकं सगळी सारखीच दिसली. लावली आन् चालू झालं की. कधी चालतं कधी न्हाई, पण मला वाटलं नेट आसंच आसतंय."

मी खाली फरशीवर बसले. इतके दिवस मी लिंबाची फांदी ओढत होते.

एक गोष्ट मला माहीत होती. डब्याच्या मागं बारीक छिद्र असतं. त्यात टाचणी दाबून धरली की डबा कोरा होतो. कोरा केला की मनासारखं सगळं परत लावता येतं. "आत्या, मी पुसते आणि तेच नाव परत लिहिते. शब्द न् शब्द तेच. तुला फरकसुद्धा कळणार नाही."

आत्यानं वाटीतल्या दाण्यांवरून हात फिरवला. "तू लिवलं की ते तुझं झालं बाई. तेचं कसं ऱ्हाईल?"

मी तेच नाव परत उभं करून दाखवीन, पण ते विचारणं दादाचं कसं असेल. मग एकच वाट उरली. डबा न पुसता त्याच्या आत जायचं आणि त्याला फक्त पत्ते वाटायचं बंद करायला सांगायचं. वायफाय दे, नाव दाखव, दिवे लाव, फक्त दारात उभा राहू नकोस. पण आत जायला त्याचा पासवर्ड लागतो. नेहमीचे दोन-तीन टाकून बघितले, एकही चालला नाही. मग गच्चीवर जाऊन दादाला फोन लावला.

"जय भीम दादा. जुन्या राऊटरच्या आतला पासवर्ड काय रे?"

"तो अजून हाय? फेकला न्हाई व्हय आईनं?" मागं भांड्यांचा आवाज, कुणीतरी मंडपवाल्याशी भांडत होतं. "मला कुठं आठवतंय गं. पुसून टाक त्याला. बरं ऐक, नाव पाठ केलंस का? चुकू नको उद्या."

पुसून टाक म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

खाली आले तर आत्या म्हणाली, "वायफायचा पासवर्ड सांगू का? तेवढाच मला येतो."

"तो वेगळा असतो गं. बरं, सांग."

आत्या लाजली. पायाला प्लास्टर, मांडीवर शेंगांची टरफलं, आणि अशी लाजली जशी शाळेत कुणी कविता म्हणायला उभं केलंय. "हो जेवले," ती म्हणाली. "दोन्ही शब्द जोडून."

मी टाकला. जागा न सोडता, बारीक अक्षरांत. पान एकदा पांढरं झालं आणि उघडलं. दादानं आत-बाहेर दोन्हीकडं तोच ठेवला होता.

पत्ते वाटायचं बटण शोधून मी बंद केलं. डबा एकदा विझला, आत्याचा हात माझ्या दंडावर आला, आणि मग दिवे एक एक करून परत लागले. फोनवर नाव तेच. खाली ती बारीक ओळ नव्हती.

पप्पांना मी सगळं सांगितलं. दुपारभर सेंटर चाललं, पोरं फॉर्म भरून गेली, हणमंतराव जेवून आले तर त्यांचं काम मिनिटात झालं आणि ते जरा नाराजच झाले. संध्याकाळी पप्पा आत्याकडं गेले. मला वाटलं, वायर का काढली म्हणून बोलतील. ते खिडकीपाशी उभे राहून त्या डब्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आक्का, ह्याचा पंख्याच्या बोर्डावर लोड येतो. इन्व्हर्टरवरून लाईन देतो, लाईट गेली तरी चालू ऱ्हाईल."

रविवारी पप्पा-मम्मी पहाटेच्या गाडीनं लातूरला गेले. मी आत्याला नवी पांढरी साडी नेसवली, प्लास्टरवरून निऱ्या काढायला दोघी घामाघूम. कॉल एका दमात लागला. तिकडं बुद्धवंदना झाली, आम्ही इकडं हात जोडून म्हटली. मग शिल्पावहिनीनं बाळाला मांडीवर घेतलं आणि दादानं फोन बाळाच्या कानाशी धरला. आम्हाला नुसता एक कान दिसत होता, गुलाबी, त्यावर बारीक लव.

"सांग," आत्या म्हणाली.

"उत्पला," मी म्हणाले. आणि माझ्या पाठीत असा धपाटा बसला की फोन हातातून निसटता निसटता राहिला. खाटेवर बसून मोडक्या पायानं एवढी ताकद कुठून आणली काय माहीत. तिकडं बाया हसायला लागल्या, "पारूबाई, हळू मारा, आत्या एकच हाय." मी परत नाव सांगितलं, परत धपाटा. तिसऱ्यांदा बाळानं आवाजाकडं तोंड फिरवलं आणि पडदाभर नातीचं नाक झालं. आत्यानं पडद्यावर बोट ठेवलं, नाकावरच.

मग गोंधळ. सगळे एकदम बोलायला लागले, दादाला कुणी पेढे विचारतंय, कुणी खुर्च्या. त्याचं अर्धं लक्ष फोनमध्ये. आत्या मला म्हणाली, जरा माझ्याकडं दे.

"संघ्या, जेवलास का?"

"अजून न्हाई आई, पंगत बसायची हाय."

"मग बस की. लेकुरवाळ्यानं उपाशी फिरू न्हाई, आता तू बाप झालास."

दादा हसला, काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात त्याला कुणीतरी ओढून नेलं आणि कॉल बंद झाला.

आत्या फोन हातात धरून बसून होती. कॉल गेल्यावर मागची वायफायची यादी उघडी राहिली होती, सगळ्यात वर, आई जेवलीस का. सकाळपासून तिनं चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, कॉल लागतो का नाही ह्या काळजीनं.

"जेवते रे," ती हळूच म्हणाली. मग फोन उशीवर ठेवला आणि माझ्याकडं वळली. "लुंबे, वाढ आता. आन् तुझंबी ताट घे."