मांजर गेलं, दम राहिला

शिवणखोलीत काम करणाऱ्या त्या बाईला दर महिन्याला दम लागायचा, आणि दर महिन्याला घरातलं काहीतरी बाहेर जायचं. आधी सतरंजी गेली, मग कापसाची उशी, मग खिडकीतली कुंडी. दम मात्र जागचा हलला नाही. शेवटी नंबर लागला लेकीच्या मांजराचा. बाई थकली होती, आणि थकलेल्या माणसाला खापर फोडायला कुणीही चालतं. तिने मांजर टोपलीत घातलं आणि नणंदेकडे पोचवलं.

लेक महिनाभर कामापुरतंच बोलली.

पुढच्या महिन्यात बाही जोडता जोडता बाईची छाती पुन्हा आवळली, श्वासाला शिट्टी लागली. शिंपीमास्तरांनी पाणी दिलं. "आता तर मांजरही नाही ना हो घरात?" असं म्हणून त्यांनी तिला घरी पाठवलं.

घरी लेकीने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून समोर ठेवलं. पाळी आली की त्या तारखेत सुईने लाल दोरा ओवून गाठ मारायची, ही बाईची जुनी सवय. लेकीने मांजराला वाचवायला पाच महिने आपली वेगळी खूण केली होती. आईला दम लागला की पेन्सिलीची फुली.

बाईने बोट फिरवलं. प्रत्येक गाठीच्या आधी तीन-चार फुल्या. एरवी पान कोरं.

"मांजर तीसही दिवस घरात होतं, आई. तू चारच दिवस धापा टाकायचीस."

"मग आधी का नाही दाखवलंस?"

"दाखवत होते. तू म्हणालीस, नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडर नीट पाहिलं. "काही जणींना होतं असं. पाळीच्या आसपास दमा उचल खातो. रोजचा पंप घेता?"

"बरं वाटलं की ठेवून देते."

"तिथंच चुकतंय. बरं वाटलं तरी रोज घ्यायचा. आणि या खुणा चालू ठेवा. एवढ्यानं भागलं नाही, तर त्या दिवसांसाठी औषध वाढवायचं का, ते यावरून ठरवू."

तिथून मायलेकी घरून टोपली घेऊन तडक नणंदेकडे गेल्या. नणंद दारातच अडखळली. "अगं वहिनी, ते तिसऱ्याच दिवशी पळालं. गल्लीन् गल्ली शोधली. तुला सांगायची हिंमतच झाली नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि दिली कुणी, तर बाईनेच. रिकामी टोपली परतीच्या वाटेवर तिला जड झाली. "चुकलं माझं," ती म्हणाली. लेक पुढे चालत राहिली.

घरी आल्यावर बाई पाय पसरून भिंतीला टेकली. लेकीने तिच्यापुढे पंप ठेवला आणि चूळ भरायला पाण्याचा पेला.

"जरा बसू दे गं. नंतर..."

लेकीचे डोळे भरून आले होते. "आई, नंतर म्हणू नकोस."

बाईने निमूटपणे पंप उचलला.