दोन गावं मावतील एवढी उंची

तंबू आणि ताडपत्र्या शिवण्यात धाकटीची तीस वर्षं गेली, पण आकाशात जाणारं कापड तिच्या मशीनवर पहिल्यांदाच आलं. ते घेऊन आले शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर. त्यांना भलताच नाद. भल्यामोठ्या फुग्यात हेलियम भरायचा, खाली थर्मोकोलच्या डब्यात कॅमेरा बसवायचा आणि द्यायचा सोडून. हवा संपत येते तितक्या उंचीवर फुगा फुटतो, मग डबा पॅराशूटला लटकत खाली येतो. तोवर कॅमेऱ्यानं पृथ्वीचे शेकडो फोटो काढलेले असतात.

"किती लांबचं दिसतं हो त्यात?" धाकटीनं विचारलं.

"चारशे-पाचशे किलोमीटर म्हणा ना, मावशी."

तिनं कात्री खाली ठेवली. "मग माझं गाव आणि ताईचं गाव एकाच फोटोत येईल?"

"ढग नसले तर आलंच म्हणून समजा."

"मग मला शिलाई नको. तेवढा एक फोटो द्या."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. दोघींनी जन्म एकाच घरात काढला, दुकानही दोघींचं. गेल्या वर्षी ताई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे गेली. 'महिन्याभरात येते' म्हणाली आणि तिकडचीच झाली. फोन केला की एकच पालुपद, "अगं, इतक्या लांब मला झेपतंय का आता?" दोनशे किलोमीटर ते काय! पण ताईच्या तोंडी ते सातासमुद्रापलीकडचं व्हायचं. इकडे धाकटीला लांब ताडपत्रीची घडी एकटीनं घालता येईना. एक टोक दाराच्या कडीला बांधायचं आणि दुसरं धरून आपणच कडीपर्यंत चालत यायचं, अशी सवय तिनं लावून घेतली होती. कडी काही बोलत नसे.

अंतर डोळ्यांनी दिसलं तर ताई येईल, हे तिच्या मनानं घेतलं होतं.

मास्तरांनी पॅराशूटचा कागदी नमुना दिला होता. मधोमध वाटीएवढं भोक ठेवा, असं दोनदा बजावलंही होतं. तिनं ठेवलं. पण फुगा सोडायच्या आदल्या दिवशी ते उघडं भोक तिला बघवेना. फाटकं कापड गिऱ्हाइकाला कसं द्यायचं? तिनं त्याच कापडाचा गोल तुकडा लावून, दुहेरी शिवण घालून ते बुजवून टाकलं.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावरून फुगा सुटला. मास्तर उत्साहात हात हलवत होते. ती मान वर करून बघत राहिली. आधी कलिंगडाएवढा, मग लिंबाएवढा, मग नुसता ठिपका आणि मग डोळ्यांना पाणी आलं.

मास्तरांच्या हिशेबानं डबा शंभर किलोमीटरवरच्या वीटभट्ट्यांच्या माळावर उतरायचा. तिथं काहीच नव्हतं. डब्यात जागा कळवणारं यंत्रही होतं; दुपारी त्याचा ठावठिकाणा मास्तरांच्या फोनवर उमटला, तो आणखी शंभर किलोमीटर पुढचा. ताईच्या गावाबाहेरच्या एका गोदामाच्या पत्र्यावर!

"मावशी, खरं सांगा, भोक ठेवलं होतंत ना?"

"ठेवलं होतं. नंतर बुजवलं."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अहो, हवा त्यातूनच तर निघून जायची असते! बंद पॅराशूट झोके खात, तरंगत वाऱ्याबरोबर गेलं."

"भोक पडलेलं कापड माझ्या मशीनवरून आजवर उतरलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "मीच जाऊन आणते."

सोमवारी पहाटेची बस धरून ती गेली. गोदामाच्या रखवालदारानं शिडी लावून डबा काढून दिला. गावातल्या फोटोवाल्यानं आतलं कार्ड काढून पडद्यावर एकेक फोटो दाखवला. काळंभोर आकाश, त्याखाली पृथ्वीची निळी कड आणि खाली तपकिरी जमीन. एका फोटोत डावीकडे धाकटीच्या गावाचं नदीचं वळण होतं, उजवीकडे ताईच्या गावाचं धरण चमकत होतं. मधलं अंतर तिनं मोजलं. चार बोटं. तिनं तो तेवढाच छापून घेतला.

ताईनं दार उघडलं. हातात काठी नव्हती.

"अगंबाई! धाकटे, तू? ना फोन, ना काही! आणि हा कसला डबा, मिठाईचा तरी आहे का?"

"आधी हे बघ." तिनं फोटो पुढे केला. "हे माझं घर. हे तुझं. मध्ये चार बोटं. बघितलंस?"

ताईनं चष्मा लावला. बराच वेळ निरखून पाहिलं, बोटं ठेवून स्वतः मोजलं. मग तिचा चेहरा असा उजळला, की धाकटीला वाटलं, आता बॅग भरायला काढतेय.

"केवढंसं गं हे!" ताई म्हणाली. "आणि मी उगाच जिवाला लावून घेत होते. धाकटी एकटी पडली, मी तिला टाकून आले, असं रोज वाटायचं बघ. आता नाही वाटणार. मी इथं असले काय नि तिथं असले काय, शेजारीच आहोत की आपण!"

"मग येतेस ना?"

"आता कशाला? इतक्या जवळ तर आहेस. तूच येत जा मधूनमधून." ताईनं फोटो आपल्या पलंगाच्या वर, उशाशी टोचलासुद्धा. तिथं आधीच नातवंडांची चित्रं होती. त्यातलं एक तिनं जरा बाजूला सरकवलं.

धाकटी पोटभर जेवली, सगळ्यांची चौकशी केली, ताईला वेणी घालून दिली. तीनच्या बसला ताई फाटकापर्यंत आली, चांगली झपाझप चालत. "पोचलीस की फोन कर," म्हणाली.

डबा मांडीवर घेऊन धाकटी बसमध्ये बसली. कंडक्टरनं विचारलं, "कुठं, मावशी?"

तिनं गावाचं नाव सांगितलं.

"शेवटचाच स्टॉप की. लांब आहे, साडेचार तास लागतील. मागं जा, तिथं ऐसपैस जागा आहे."

ती उठून मागं गेली. अख्खी सीट मोकळीच होती. डबा तिनं खिडकीकडे ठेवला आणि स्वतः कडेला बसली.