आधी कोणाचं लावायचं?

वीज जाऊन दुसरा दिवस उजाडला, तेव्हा लिफ्टकाकांनी जिन्याखालचा जनरेटर ओढत अंगणात आणला. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. यंत्रानं कितीही नखरे केले तरी त्यांच्यापुढे ते चालायचे नाहीत. दोरीला चार हिसके बसताच जनरेटर धडधडायला लागला.

जनरेटर तसा बेताचाच. एका वेळी एकच मोठी वस्तू चालायची, आणि त्यावरून या घरात पूर्वी महाभारत घडायचं. बायकोला मिक्सर हवा, मुलाला कॉम्प्युटर, मुलीला ऐन बाहेर पडताना इस्त्री. "बाबा, आधी माझं!" काका वायर हातात धरून निकाल द्यायचे आणि तो कोणालाच पटायचा नाही. "तुम्ही सगळे जा एकदा, मग मी एकटा निवांत पंखा लावून झोपेन," असं ते वैतागून म्हणायचे. बोलाफुलाला गाठ पडली. मुलं परगावी गेली, आणि बायको तर कायमचीच.

आता वायर घेऊन ते घरभर फिरले. फ्रिजमध्ये अर्धी पिशवी दूध आणि एक सुकलेलं लिंबू. त्यासाठी पेट्रोल जाळायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! पंप लावावा, तर टाकी अजून भरलेलीच. एकटा जीव सदाशिव, त्याला पाणी लागतं किती? मिक्सरवर फडकं झाकलेलं होतं. कॉम्प्युटरच्या टेबलावर चादरींच्या घड्या. पंख्याची हवा तर खिडकीतूनच येत होती. काका वायर धरून पॅसेजमध्ये उभे राहिले. "नाही, तुझं नंतर," असं म्हणायलासुद्धा घरात कोणी नव्हतं. घर नुसतं खायला उठलं.

शेवटी त्यांनी लांब वायरचा बोर्ड काढला आणि थेट फाटकापाशी नेऊन ठेवला. समोरच्या नर्सबाई ड्युटीला निघाल्या होत्या.

"बाई, फोन बंद पडलाय ना? लावा इथं."

"देवासारखे भेटलात हो काका!"

बघता बघता टेलर आला, बेकरीवाला आला, कोपऱ्यावरची सासू-सुनेची जोडी आली. बोर्डाला प्लग लावायची जागा चारच. "आधी माझा," "अहो, मी कधीची उभी आहे," सुरू झालं आणि काकांचा आवाज बऱ्याच वर्षांनी चढला.

"गप्प बसा सगळे! बाईंना ड्युटी आहे, आधी त्यांचा. टेलर, तू मागे हो."

टेलरचा काही दोष नव्हता, पण काकांना त्याच्यावर ओरडायला फार बरं वाटलं.

नर्सबाईंनी आपला फोन काढून घेतला आणि म्हणाल्या, "काका, सगळ्यांचे लावलेत, तुमचा राहिलाच की. द्या इकडे." त्यांनी कट्ट्यावरचा काकांचा फोन उचलला आणि बघतच राहिल्या. "अहो, हा तर जवळजवळ भरलेला! दोन दिवस वीज नाही आणि बॅटरी उतरली कशी नाही?"

सगळे काकांकडे पाहू लागले. बॅटरी उतरायला फोन यावे लागतात, हे चारचौघांत कसं सांगणार? काकांनी बाईंच्या हातातून फोन परत घेतला.

"बॅटरी चांगली आहे त्याची," ते म्हणाले.

"काका, कंपनी कुठली?" टेलरनं विचारलं. "मलाही असाच घ्यायचाय."

काकांनी कंपनीचं नाव सांगितलं. टेलरनं ते पुन्हा एकदा विचारून पक्कं करून घेतलं.