मिटल्या ओठांचं गाणं

संगीताला भाषेची गरज नसते, असं जगातली सगळी थोर माणसं सांगून गेली आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही दुसऱ्याच्या मुलाची दाढ बघायची नव्हती, एवढंच.

मुलगा अकरा वर्षांचा होता आणि बोलत नसे. घरात त्याला साहेब म्हणत, कारण त्याच्या मर्जीशिवाय तिथे पान हलत नसे. पंखा किती वेगाने फिरावा, कोणता पडदा ओढावा, मामाने कुठल्या खुर्चीत बसावं, हे सगळं साहेब ठरवत. अलीकडे साहेब उजव्या गालावर थापा मारू लागले होते आणि जेवताना फक्त डाव्या बाजूने चावत होते. दाढेत काहीतरी गडबड होती. काय, ते कळायला तोंडात बघावं लागतं. आणि साहेबांचं तोंड चमचा दिसला की उघडे, टॉर्च दिसला की बंद.

दातांच्या डॉक्टरांकडे दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत साहेबांनी खुर्चीवरच्या दिव्याची मान मुरगळली. डॉक्टरांनी ती पुन्हा सरळ केली आणि म्हणाले, "आता हॉस्पिटलात भूल देऊनच बघावं लागेल."

आईचा चेहरा उतरला. साहेबांना लहानपणी फिट्स येत. मागे एकदा भूल दिली होती, तेव्हा शुद्धीवर यायला त्यांनी इतका वेळ लावला की त्या कॉरिडॉरमधली फरशी न् फरशी आईला अजून पाठ होती.

"भूल नको," ती म्हणाली. "दुसरं काहीही सांगा."

डॉक्टरांकडे दुसरं काही नव्हतं. म्हणून आईने गाण्याच्या ताईंना विचारलं.

साहेब दर आठवड्याला या ताईंकडे जात. ताई संगीतोपचार करत. न बोलणारी, एका जागी न बसणारी, नुसत्या शिट्टीच्या आवाजाने टेबलाखाली जाणारी अशी सगळी मुलं त्यांच्याकडे येत. त्यांची पद्धत उलटी होती. त्या मुलांना गाणं शिकवत नसत. मूल जो आवाज काढेल तो त्या काढत. मुलाने स्टूल बडवलं की ताई स्टूल बडवत, मूल किंचाळलं की ताई त्याच पट्टीत किंचाळत. खालच्या मजल्यावरच्या वकिलाने यामुळे ऑफिस बदललं होतं.

"आधी मी त्याच्या मागे जाते," ताई सांगत. "मग कधीतरी तो वळून बघतो, ही कोण बाई मागे येतेय म्हणून."

"डॉक्टरांना जमलं नाही ते ही डफली वाजवून जमवणार?" मामा म्हणाला.

"दादा, तू गाडी चालव," आई म्हणाली. मामाचं त्या मोहिमेतलं काम तेवढंच होतं.

साहेबांचा स्वतःचा एक आवाज होता. ओठ मिटून, नाकातून, एकच लांबलचक सूर. मन लागलं की ते तो धरत आणि सोडत नसत. ताईंनी तो कीबोर्डवर शोधला, तर तो दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी निघाला. असा सूर मुलाने आणला कुठून, या प्रश्नाने ताईंची झोप उडाली.

"घरात असं काय वाजतं?" त्यांनी विचारलं.

मग सगळं घर कानात प्राण आणून बसलं. पंखा नाही, पाण्याची मोटर नाही, ट्यूबलाइट जवळ जाते, पण तीही नाही. शेवटी मामा फ्रीजला कान लावून उभा असताना शेजारच्या काकू वाटी मागायला आल्या.

"काय करताय हो?"

"ऐकतोय."

"काय म्हणतोय?"

"माझ्याबद्दल अजून तरी काही बोलला नाही."

सूर फ्रीजचाच होता. मामाने ही बातमी ताईंना फोनवर सांगितली ती नवा ग्रह सापडल्याच्या आवाजात. डफलीबद्दल तो पुन्हा बोलला नाही.

ताईंनी बेत आखला. आपल्या खोलीत दातांच्या दवाखान्यातल्यासारखी एक मागे झुकणारी खुर्ची आणली, वर टेबल-लॅम्प बांधला. साहेब खुर्चीत बसले की ताई फ्रीजचा सूर धरत. साहेब तो उचलत. खुर्ची जरा मागे जाई. सूर तुटला की खुर्ची पुन्हा सरळ. काही आठवड्यांत साहेब दिव्याखाली निवृत्त न्यायाधीशासारखे पडून गुणगुणू लागले. आई दारातून बघत राही आणि डोळे पुसे.

"डॉक्टरांकडे असाच राहील?"

"बघू या," ताई म्हणाल्या. त्यांची सगळी उत्तरं याच वाक्याने सुरू होत आणि बहुतेक तिथेच संपत.

ठरलेल्या दिवशी सगळे दवाखान्यात गेले. ताईंनी सूर धरला. साहेब खुर्चीत चढले, आडवे झाले, दिवा पेटला, आणि साहेब गुणगुणत शांत पडून राहिले. डॉक्टर थक्क झाले.

"वा! कमाल केलीत. आता तोंड उघड, राजा."

साहेब गुणगुणले.

डॉक्टरांनी छोटा आरसा ओठांजवळ नेला. साहेब अधिक तन्मयतेने गुणगुणले. डॉक्टर ताईंकडे वळून हळूच म्हणाले, "एक विचारू? हे तोंड उघडून करता येतं का?"

ताईंनी करून बघितलं. ओठ उघडले की गुणगुणणं गेलं. मिटले की आलं. मामानेही करून बघितलं.

"म्हणजे इतके आठवडे आपण त्याला तोंड बंद ठेवायला शिकवत होतो," मामा म्हणाला. "छानच शिकलाय पण."

आईने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. "द्या मग हॉस्पिटलची तारीख," ती म्हणाली.

"जरा थांबा," ताई म्हणाल्या. 'बघू या' म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी तोच सूर धरला आणि सावकाश ओठ उघडले. म्म्म्म... आ.

साहेब थांबले. ही बाई नेहमी आपलीच नक्कल करते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आज तिने आपण न काढलेला आवाज काढला होता. ते उठून बसले, ताईंची हनुवटी धरली, खाली ओढली आणि आत डोकावले. मग आईची. मग मामाची. तिथे ते बराच वेळ रमले, कारण मामाच्या दाढांवर बरंच बांधकाम झालेलं होतं.

"आता तुम्ही, डॉक्टर," ताई म्हणाल्या.

"मी?"

"मास्क काढा. आणि सूर सोडू नका."

डॉक्टरांनी मास्क काढून 'आ' केला. रिसेप्शनवरच्या मुलीने दार उघडलं, चार मोठी माणसं तोंडं वासून एका सुरात उभी असलेली पाहिली आणि दार लावून घेतलं. साहेबांनी ट्रेमधला आरसा उचलला आणि डॉक्टरांच्या तोंडात घालून नीट तपासणी केली. एका दाढेपाशी त्यांनी दोनदा टकटक केली. डॉक्टर कळवळले, पण सूर सोडला नाही.

मग साहेबांनी आरसा त्यांच्या हातात दिला, मागे टेकले आणि म्हणाले, "आ."

"पाळी दिलीय तुम्हाला, घ्या!" ताई कुजबुजल्या. "बाकीचे चालू ठेवा."

डॉक्टर वाकले. आई, ताई आणि मामा 'आ' लावून उभे. मामाचा सूर घसरला तशी आईने त्याला कोपर मारलं आणि सूर जागेवर आला. डॉक्टरांनी उजवी बाजू पाहिली, बोटाने काहीतरी दाबलं, पुन्हा पाहिलं. साहेबांच्या डोळ्यांच्या कडेला पाणी आलं, पण तोंड उघडंच राहिलं.

डॉक्टर सरळ झाले. सूर एकेक करून थांबले.

"फार किडलीय का?" आईने विचारलं.

"किडलेली नाही."

"मग?"

"दुधाची दाढ आहे. हलतेय. खालून पक्की येतेय, म्हणून हिरडी दुखतेय."

"मग आता काय करायचं?"

"काही नाही."

दाढ मंगळवारी पडली. बहुधा जेवताना, कारण ती कोणाला सापडली नाही.