सुतकातली पुडी

आंधळगावात यादोराव महाराजांच्या मांडवाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत काठी टेकत आलेला म्हातारा काठी फेकून नाचत होता आणि महाराज ओरडत होते, "माझी राख हाडात फौज उभी करते, फौज! इम्युनिटी!" लोक रडत होते, पाया पडत होते.

रीना मागे उभी राहून पाहत होती. तिच्या सासूबाईंचे, लीलाबाईंचे, बोटांचे सांधे सुजून रेशमाच्या कोशाचा धागा काढणं सुटलं होतं. पाच महिने त्यांनी या राखेची पुडी रोज खाल्ली. बोटं वळू लागली, चेहरा गोल आणि तुकतुकीत झाला. "तेज आलं," लोक म्हणाले.

तेच तेज शेजारच्या सत्यभामाबाईंवरही आलं होतं. त्यांच्या घरात सुतक लागलं. सुतकात प्रसाद चालत नाही म्हणून त्यांनी राख थांबवली आणि पाचव्या दिवशी गेल्या. महाराज म्हणाले, "मृतात्म्यानं ओढून नेलं."

पुढच्याच महिन्यात लीलाबाईंचा दीर वारला. त्यांनीही पुडी देवळीत ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी त्या ओकू लागल्या. अंग थंडगार, डोळे कोपऱ्यावर खिळलेले.

"रीना, सत्यभामा आली वो. चरख्यापाशी बसून राहिली. चल म्हणते मले."

कोपऱ्यात कोणी नव्हतं. पण लीलाबाईंचा चरखा हळूहळू फिरत होता. रीनाच्या अंगावर काटा आला. तिनं पंखा बंद केला. चरखा थांबला.

"महाराजांले बोलावतो," नवरा जीवन घाबरून म्हणाला.

"कायले? सत्यभामाबाईपाशी तोच बसला होता नं मंतर म्हणत!"

तिनं पुडीतली चिमूट जिभेवर ठेवली. धागा सुटावा म्हणून राखेच्या पाण्यात कोसा उकळणारं घर ते. राखेची चव तिला ठाऊक होती, खारट आणि जीभ पोळणारी. ही कडूजहर होती.

"ही नुसती राख नोहे. गाडी काढ!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पुडी पाहिली, राख कधी बंद केली ते विचारलं आणि लगेच शिरेतून इंजेक्शन दिलं. पुडी तपासायला पाठवली. संध्याकाळी लीलाबाईंनी चहा मागितला.

"या रोगात शरीराची राखण करणारी फौजच आपल्या सांध्यांवर उलटते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो महाराज म्हणतो फौज उभी करतो! त्यानं राखेत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटल्यात. त्या गोळ्या फौजेला दाबतात, दुखणं पळतं, चेहरा सुजतो. पण असंच द्रव्य शरीर स्वतःही बनवतं; ते रोज बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडतं. मग एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो. फौज शांत करणारी खरी औषधं आहेत. ती रक्त तपासत, मोजून द्यायची असतात."

"म्हणजे सत्यभामाबाईले..."

"पुडीनं मारलं."

सुतकाच्या नवव्या दिवशी पुडीच्या तपासणीचा कागद आला. तो घेऊन रीना सुतकातच मांडवात शिरली.

"बाटवलं! सुतकाची बाई!" महाराज किंचाळले.

"बाटवलं त तुमीच, गोळ्या घालून! या, खाऊन दाखवा पाच महिने, मंग सोडून दाखवा!" ती लोकांकडे वळली. "ऐका वो बायांनो, रागानं पुड्या फेकू नका. एकदम सोडलं त मराल. पुड्या घेऊन आधी दवाखान्यात चला."

महाराज मागच्या कनातीतून पळाले. पोलिसांना पोत्यात राख मिळाली, आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं.

औषध कशाचं आहे हे जो सांगत नाही, त्याच्या हातचं काही तोंडात घालू नका. तेज दिसलं तर कशानं आलं ते विचारा. विचारल्यानं देव कोपत नाही. न विचारल्यानं माणूस जातो.

सत्यभामाबाईंचा चरखा अजून त्यांच्या दारात आहे. पोरं तिकडून जायला भितात. भिण्यासारखं तिथं काही नाही. तिथं एक बाई असायला हवी होती, ती नाही.